ट्रॉली जागच्या जागी

जिन्याखाली एक ट्रॉली उभी आहे आणि ती आपल्यापैकी कुणाचीही नाही, यावर आमच्या अख्ख्या इमारतीचं एकमत होतं. याआधी आमचं एकमत झाल्याचं मला तरी आठवत नाही. ट्रॉली सुपरमार्केटची होती. दांड्यावर त्यांच्या नावाचं हिरवं रबर होतं, आत कांद्याची सालं होती आणि तान्ह्या बाळाचा एकच मोजा होता. लोक तिला वळसा घालून जिना चढत. तळमजल्यावरच्या वकीलसाहेबांनी तर तिच्यात आपली छत्री ठेवायला सुरुवात केली होती आणि चार दिवसांत त्यांच्या जुन्या चपलाही तिथे राहायला आल्या.

मी नुकताच निवृत्त झालो होतो. नोकरी मोजणी कचेरीत, काम नकाशे काढायचं. रस्ता म्हणजे दोन समांतर रेघा, असं मानून मी जन्म काढला. आमचा सगळा भाग मी टेबलावर बसून इतक्या वेळा काढला होता की प्रत्यक्ष जाऊन बघायची गरजच पडली नाही. बायकोला मात्र मी घरात बसून पंख्याकडे बघतो याचा त्रास व्हायला लागला होता.

"अहो, निदान ती ट्रॉली तरी पोचवून या," ती एका सकाळी म्हणाली. "तेवढंच अंग हलेल."

मी खाली गेलो तर वकीलसाहेब छत्री काढायला आले होते.

"हात लावू नका," ते म्हणाले. "हात लावलात की ताबा आला, ताबा आला की जबाबदारी आली."

"मग परत कशी करायची?"

"करा ना! चांगलंच काम आहे. फक्त हात लावू नका."

वकिलांचा फुकटचा सल्ला फार मनावर घ्यायचा नसतो, असं मला एका दुसऱ्या वकिलानेच पैसे घेऊन सांगितलं होतं. मी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि निघालो.

आता ट्रॉली दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर ढकलणं वेगळं आणि रस्त्यावर ढकलणं वेगळं. या ट्रॉलीची तीन चाकं माझ्या मताची होती, चौथं वकीलसाहेबांच्या. शिवाय ती अशी खडखडत होती की तिन्ही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. पण कोपऱ्यापर्यंत गेलो आणि एक गंमत लक्षात आली. मी ढकलत नसतानाही ट्रॉली पुढे चालली होती. म्हणजे आमच्या रस्त्याला उतार होता! मी काढलेल्या एकाही नकाशात तो नव्हता. सुपरमार्केटपर्यंत जाताना मला आणखी पुष्कळ कळलं. शिंप्याने आपल्या पायरीला सिमेंटची छोटी घसरण केली होती, औषधाच्या दुकानासमोरची एक फरशी पाय पडला की टकटक वाजत होती, आणि इस्त्रीवाला रोज आपल्यापुरताच रस्ता झाडून कचरा सरळ रेषेत शेजाऱ्याकडे सरकवत होता. त्या रेषेचं मला कौतुक वाटलं. मी इतकी सरळ रेघ पट्टीशिवाय कधी मारली नाही.

सुपरमार्केटच्या दारात वॉचमनने हात आडवा घातला.

"काका, बिल?"

"बिल कसलं? मी बाहेर नेत नाहीये, आत आणतोय."

"आत आणायचं सामान काउंटरला जमा करा."

काउंटरवरच्या मुलीने ट्रॉलीकडे बघितलं, पिशव्या ठेवायच्या खणांकडे बघितलं आणि माझ्या हातात एक बिल्ला ठेवला. म्हणजे त्यांचीच ट्रॉली माझं सामान म्हणून जमा झाली. बाहेर पडताना बिल्ला दिला की मला ती परत न्यावी लागणार होती. मी मॅनेजरला गाठलं. टाय घातलेला, थकलेला तरुण माणूस होता.

"आमची ट्रॉली आवाराबाहेर जात नाही, सर," तो म्हणाला. "तसा नियम आहे."

"पण ही गेली होती. आमच्या जिन्याखाली होती."

"मग ती आमची नसणार."

"अहो, तुमचं नाव आहे तिच्यावर."

त्याने वाकून नाव वाचलं. "नाव आमचंच आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "पण नियमाप्रमाणे जी बाहेर असते ती आमची असू शकत नाही."

शेवटी मी बिल्ला दिला, ट्रॉली घेतली, वॉचमन एका बाईंची पिशवी तपासत होता तेवढ्यात मागच्या मागे वळलो आणि ती चटकन रांगेतल्या बाकीच्या ट्रॉल्यांमध्ये घुसवली. दुसऱ्याची वस्तू परत करण्यासाठी चोरासारखं वागावं लागलेला मी पहिलाच माणूस असेन. घरी आल्यावर बायको म्हणाली, चेहऱ्यावर रंग आलाय जरा.

झालं! मला चटक लागली. मी रोज सकाळी ट्रॉल्या शोधायला बाहेर पडू लागलो. बायकोने याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हटलं, पण मला त्यात भाकऱ्यांपेक्षा लष्कराचं कुतूहल होतं. कोण नेतं या ट्रॉल्या? आणि नेमक्या तिथेच का सोडतं? बसथांब्यावर ट्रॉली सापडली तर समजावं की कुणीतरी बसचं दार उघडल्यावर पिशव्या कवटाळून धावलंय. वाचनालयाच्या मागे एक सापडली, तिच्यात उशी होती. तिथे दुपारी कोण झोपतं हे मी बरेच दिवस शोधत होतो. एक चांभाराच्या शेजारी सापडली, पण ती सोडलेली नव्हती, चांभाराने तिच्यात दुकान मांडलं होतं. मी दांड्याला हात लावताच त्याने हातोडी उचलली आणि मी त्याला विचारून ठेवलं की तळवा बदलायचे किती घेता.

माणूस एकदा एखादं काम करतो असं दिसलं की जग ते त्याच्याच गळ्यात मारतं. लोक मला ट्रॉलीकाका म्हणू लागले. मग वस्तीतला प्रत्येक जण आपल्या दारातली ट्रॉली जिना चढवून आमच्या दारात आणून सोडू लागला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! एका सकाळी दार उघडायला गेलो तर ते उघडेचना, बाहेर तीन ट्रॉल्या एकमेकींत अडकून उभ्या होत्या. बायको आतून आणि मी खिडकीतून त्या हलवत होतो, तेव्हा वकीलसाहेब वर येऊन म्हणाले, "मी सांगितलं होतं. ताबा."

या सगळ्या ट्रॉल्यांत एकच ट्रॉली अशी होती की तिच्याकडे बघून मला आदर वाटला. समोरच्या इमारतीच्या कोपऱ्यावर पाण्याच्या पंपाची खोली आहे, तिच्या भिंतीला लागून ती उभी असे. अगदी सरळ, भिंतीला समांतर. उतारावर घरंगळू नये म्हणून पुढच्या चाकाला एक चपटा दगड लावलेला. आत एक सालसुद्धा नाही. आणि दांड्याच्या मधोमध पांढरा, इस्त्री केलेला हातरुमाल घडी घालून बांधलेला, कारण ते हिरवं रबर हाताला रंग लावतं. माझे दोन शर्ट त्यातच गेले होते. कोण असेल हा टापटिपीचा माणूस, असा विचार करत मी दगड बाजूला केला, ट्रॉली पोचवली आणि रुमाल धुवायला घरी आणला. दोन दिवसांनी तिथेच दुसरी ट्रॉली, दुसरा रुमाल, तोच दगड. तीही पोचवली. त्यानंतर तिथे ट्रॉली दिसली नाही. एका माणसात तरी आपण सुधारणा केली, असं मी जेवताना बायकोला सांगितलं.

याच सुमाराला सुपरमार्केटने माझा सत्कार केला. वरून कुणी मोठे साहेब आले होते. त्यांना रोज ट्रॉल्या घेऊन येणारा एक माणूस दिसला, त्यांनी मॅनेजरला विचारलं, आणि आवारात परत येणाऱ्या ट्रॉल्या आधी बाहेर गेलेल्या असणार हे पहिल्यांदाच वरपर्यंत पोचलं. माझा फोटो काढून दारात लावला. खाली लिहिलं होतं, 'आमचे आदर्श ग्राहक'. फोटोत माझे डोळे मिटलेले होते, पण बायकोच्या मते त्यामुळे चेहरा सज्जन दिसत होता. फोटोखाली आता एक साखळी आली आणि साखळीपाशी वॉचमनला खुर्ची दिली, म्हणजे यापुढे एकही ट्रॉली बाहेर जाऊ नये. रस्ता स्वच्छ झाला. मी पुन्हा बेकार झालो.

"अहो," बायको एका संध्याकाळी म्हणाली, "हेडबाई हल्ली दिसत नाहीत."

हेडबाई समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. आता वय इतकं की ते विचारण्याची कुणाची छाती नाही. माझी बायको त्यांच्या हाताखाली शिकली, त्यामुळे त्या आजही गॅलरीत आल्या की ही आमच्या घरात हातातलं काम ठेवून उभी राहते. हेडबाई रोज सकाळी उताराच्या टोकाला राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे जात. बहिणीचं अर्धं अंग लुळं पडलेलं आहे, ती अंथरुणातच असते. दोघींचं लहानपणापासून पटत नाही आणि भांडल्याशिवाय दोघींना एक दिवसही चैन पडत नाही, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

"तुम्ही जाऊन या," बायको म्हणाली. "मी गेले तर त्या माझंच अक्षर सुधारलं का ते विचारतील."

मी गेलो. खरं सांगायचं तर ट्रॉल्यांची हकिकत एका सुशिक्षित श्रोत्याला सांगावी, हाही हेतू होता. हेडबाई गॅलरीत खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. शेजारी चार पायांचा चकचकीत वॉकर होता आणि त्यावर कपडे वाळत घातले होते.

"भाच्याने पाठवला," माझी नजर बघून त्या म्हणाल्या. "म्हातारी माणसं वापरतात ते. वाळवायला बरा आहे."

"तब्येत कशी आहे, बाई?"

"मला काय झालंय?"

"नाही, बरेच दिवस रस्त्यावर दिसला नाहीत."

"जिन्याला कठडा असतो," त्या म्हणाल्या. "रस्त्याला नसतो."

मी हे नुसतं ऐकलं, समजलो नाही. कारण मी सत्काराकडे वळायची संधी शोधत होतो. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "ताई, आज तरी येणार का तू? का मी मेल्यावरच येणार आहेस?" बाई म्हणाल्या, "कामात आहे मी." पलीकडून फोन आपटला. बाईंनी तो खाली ठेवला.

"फोनवर भांडण होत नाही हो," त्या म्हणाल्या. "मुद्दा मांडायच्या आत ती ठेवून देते. समोर असली की तिला उठून जाता येत नाही."

मी सांत्वनाचं काहीतरी शोधत इकडेतिकडे बघितलं आणि वॉकरवरचे कपडे मला नीट दिसले. ते पांढरे हातरुमाल होते, एका मापाचे, ओळीने घातलेले. तसलेच दोन आमच्या कपाटात धुऊन ठेवलेले होते. मी उठून गॅलरीच्या कठड्यापाशी गेलो. बरोबर खाली पंपाची खोली, तिची भिंत आणि भिंतीपाशी तो चपटा दगड. बाईंनी इथे बसून मला दोन्ही वेळा बघितलं होतं.

बाईंना ट्रॉलीत काही भरायचं नव्हतं. काठी म्हातारपणाची, वॉकर आजाऱ्याचा, पण ट्रॉली ढकलणारी बाई म्हणजे बाजाराला निघालेली बाई. तिच्याकडे कुणी दयेने बघत नाही. पंपाच्या खोलीपर्यंत भिंतीला धरून जायचं आणि तिथून ट्रॉलीच्या आधाराने बहिणीच्या दारापर्यंत. रस्त्यात सुटलेली एखादी ट्रॉली त्यांना मिळत असे, आणि मी रस्त्यात एकही राहू दिली नव्हती.

"बाई, त्या ट्रॉल्या," मी कसाबसा म्हणालो, "मीच..."

"रस्त्यात पडलेली वस्तू उचलून जागच्या जागी ठेवावी," हेडबाई म्हणाल्या, "हे मी मुलींना जन्मभर शिकवलं. तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत."

त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला इतकं वाईट वाटलं की मी चहा न घेताच निघालो.

घरी बायकोने सगळं ऐकलं, कपाटातून ते दोन रुमाल काढले आणि माझ्यासमोर ठेवले. "शाळा असती तर बाईंनी तुम्हाला वर्गाबाहेर उभं केलं असतं," ती म्हणाली. "आता आणा ट्रॉली."

"त्यांना हात धरून नेलं तर?"

"बाई कुणाचा हात धरत नाहीत. नवऱ्याचासुद्धा धरला नव्हता, लग्नाचा फोटो बघितलाय मी."

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरकडे गेलो आणि एक ट्रॉली बाहेर कायमची ठेवायला मिळेल का, असं विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "सर, तुम्ही? तुमच्यामुळे तर आम्ही साखळी लावली!" त्याने मला नियम पुन्हा समजावला, आणि या वेळी आवाजात थोडा ओरडा होता.

तेव्हा मी सरळ आत गेलो, रांगेतून एक ट्रॉली काढली, चारही चाकं एका मताची आहेत ना हे तपासलं, आणि साखळीपाशी आलो. वॉचमन डोळे चोळत होता. मी साखळीचा आकडा काढला आणि बाहेर पडलो. खडखडाट झाला. मी पळालो असं लोक म्हणतात, पण त्या वयात आणि ट्रॉलीसह जे होतं त्याला पळणं म्हणता येणार नाही. वॉचमनने मला शिंप्याच्या दुकानापाशी धरलं आणि ट्रॉलीसकट दारात आणलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वर फोटोकडे, पुन्हा माझ्याकडे. मी डोळे मिटले, तेव्हा त्याची खात्री पटली.

"आदर्श ग्राहक!" गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. वकीलसाहेबही होते, पण ते मला ओळखत नसल्यासारखे टोमॅटो निवडत राहिले.

"का सर?" मॅनेजरने विचारलं. तो खरोखर दुखावला होता. "का पण?"

सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. हेडबाईंचं नाव घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीने त्यांची कीव केली असती, आणि मग त्या गॅलरीतसुद्धा बसल्या नसत्या.

"माझा गुडघा," मी म्हणालो. "आधाराशिवाय चालवत नाही. म्हणूनच तर मी रोज ट्रॉल्या ढकलत होतो. समाजसेवा वगैरे काही नव्हतं."

गर्दीतून 'अरेरे' असा आवाज आला. माझी इतक्या दिवसांची कीर्ती एका अरेरेत वाहून गेली. पण आता लाज गेलीच होती, तेव्हा मी थोडं पुढे सरकलो.

"तुमची ट्रॉली बाहेर जात नाही ना?"

"नाही, सर."

"मग मघाशी शिंप्याच्या दारात होती ती तुमची असू शकत नाही."

मॅनेजरने तोंड उघडलं, वॉचमनकडे बघितलं, ट्रॉलीकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मग त्याने स्वतः साखळी काढली. "सावकाश जा, काका," तो म्हणाला. तेवढ्यात मी त्याच्यासाठी सरचा काका झालो होतो. दुपारी माझा फोटोही उतरवला.

गुडघ्याची बातमी माझ्याआधी घरी पोचली. तीन शेजाऱ्यांनी तीन तेलं आणून दिली. वकीलसाहेब म्हणाले की पायरीवर घसरलो असं म्हणालात तर नुकसानभरपाई मिळेल, फक्त पायरी कुणाची ते आधी ठरवायला हवं.

सकाळी मी ट्रॉली पंपाच्या खोलीपाशी भिंतीला समांतर उभी केली, चाकाला दगड लावला, दांड्याला बायकोने इस्त्री केलेला रुमाल बांधला आणि बाजूला थांबलो. बऱ्याच वेळाने हेडबाई जिना उतरून आल्या. भिंतीवर तळवा टेकत, एकेक पाऊल बघून टाकत. त्यांना असं चालताना मी कधी बघितलं नव्हतं. ट्रॉलीपाशी येताच त्यांनी दांडा धरला आणि त्या एकदम ताठ झाल्या. मग त्यांनी गाठ सोडून रुमाल पुन्हा आपल्या पद्धतीने बांधला.

"गुडघा म्हणे तुमचा," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"कोणता?"

मी याचा विचार केला नव्हता. "डावा," मी म्हणालो, आणि लगेच उजवा चोळला.

"धरा इकडून," त्यांनी दांड्याची एक बाजू मोकळी केली. "यात लाजायचं काही नसतं."

आम्ही निघालो. बाई सावकाश चालत होत्या आणि त्यांच्या चालीशी जुळावं म्हणून मी थोडा लंगडत होतो. उतारावर ट्रॉली ओढ घ्यायला लागली, तेव्हा मी माझ्या बाजूने ती मागे धरून ठेवली. बाई समोर बघत होत्या. शिंपी, इस्त्रीवाला, चांभार सगळ्यांनी बघितलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत दया होती ती माझ्यासाठी. बाईंना नमस्कार मिळाले.

बहिणीचं घर तळमजल्यावर, पलंग खिडकीपाशी. आमची खडखड ऐकूनच आतून आवाज आला.

"आलीस? इतके दिवस कुठे होतीस गं ताई? रोज खिडकीकडे बघून मान दुखली माझी!"

बाई आत गेल्या, पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि आधी श्वास खाली बसू दिला. बहिणीचा चांगला हात त्यांनी आपल्या हातात घेतला होता.

"यांना विचार," त्या म्हणाल्या.

बहिणीने माझ्याकडे रागाने बघितलं. डोळे भरलेले होते तिचे. मला गुडघा आठवला, पण खोटं बोलवेना.

"माझ्यामुळे," मी म्हणालो. "सगळं माझ्यामुळे झालं."

"कालपासूनचं पहिलं खरं वाक्य," हेडबाई म्हणाल्या, आणि बहिणीकडे वळून भांडायला बसल्या.